मालानं हात वर केला

फौजदाराकडं आलेली पहिली तक्रार काच फुटल्याची होती. मोटारीच्या मागच्या दाराची काच, अस्सल विलायती, निपाणीच्या तंबाखू बाजारात भर दुपारी काकड्या विकणाऱ्या अंबुबाईनं शेराचं लोखंडी वजन मारून फोडली. तक्रार देणारे नेमगोंडा आप्पा, म्हणजे मोटारीचे मालक. त्यांना तोवर एवढंच कळलं होतं. नात मोटारीत कोंडली गेली होती हे सांगायच्या आधी त्यांना काच गेल्याचं सांगण्यात आलं, कारण निरोप आणणाऱ्याचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाला एकदम मोठा धक्का देऊ नये.

फौजदार दोन शिपाई घेऊन उन्हातनं अंबुबाईला धरायला आला.

"धरा की," अंबुबाई म्हणाली. "न्हाय कोण म्हणतंय? पर आदी ह्या बापाला धरा. माझ्या काकड्या उनात ऱ्हायल्या तर मी वर वलं फडकं टाकतो. ह्येनं काय टाकलं इचारा."

बाप म्हणजे नेमगोंडा आप्पांचा मुलगा श्रीपाल. तो वखारीच्या पायरीवर बसला होता. मांडीवर त्याची दीड वर्षाची ब्राह्मी, ताकानं नखशिखांत भिजलेली, आणि बाजार डोक्यावर घेऊन रडत असलेली. श्रीपाल काहीच बोलत नव्हता. एवढा सज्जन आरोपी फौजदाराला त्या सालात, म्हणजे सदतीस सालात, दुसरा मिळाला नव्हता.

आता मोटारीचं सांगायला हवं. ती बंद मोटार होती. म्हणजे चालायची चांगली; पण वर पक्कं छत आणि चारी बाजूंनी काचा. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला. पुढची बैठक आणि मागची बैठक यांच्या मध्येही काच होती, कारण साहेबाला ड्रायव्हरचं बोलणं ऐकायला आवडत नसे. मागच्या दारांच्या आतल्या कड्या कधीच्या तुटल्या होत्या, आणि काचा वरखाली करायची एकच मूठ शाबूत होती, ती काढून खिशात ठेवावी लागे. आप्पांनी हे सगळं साहेबाच्या नजरेला आणून दिलं, तेव्हा साहेब म्हणाला, मागं बसणार कोण? त्याचं बरोबर होतं. मागं कुणी बसत नव्हतं. मागं तंबाखू बसायची.

तंबाखूचं पान दवात मऊ असतं तोवरच हाताळायचं. कोरडं वारं लागलं की चुरा होतो, आणि वास उडाला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून श्रीपाल नमुन्याच्या जुड्या पांढऱ्या धडप्यात गुंडाळून मागच्या बैठकीवर निजवायचा. अक्कोळच्या घरून निघून निपाणीच्या वखारीशी पोचला की खिशातली मूठ काढून मागच्या काचा पार वरपर्यंत चढवायचा, मूठ परत खिशात टाकायचा, आणि दारात बसलेल्या अंबुबाईला सांगायचा, "आत माल हाय गं, बघ जरा." किती सुग्या हेच चाललं होतं. ही कामं आता त्याचे हात परस्पर उरकायचे. श्रीपाल तेवढ्यात भावाचा विचार करून घ्यायचा.

त्या दिवशी चैत्राचं ऊन होतं आणि बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, अभिषेक होता. श्रीपालची बायको पद्मावती तिकडं निघालेली. ब्राह्मी दात येतायत म्हणून रात्रभर किरकिरून नुकती कुठं झोपली होती. पद्मावतीनं तिला पांढऱ्या धडप्यात गुंडाळलं, मागच्या बैठकीवर ठेवलं, दोन्ही अंगांना उशा लावल्या आणि म्हणाली, "जाता जाता आक्कांच्या घरात सोडा. झोपमोड करू नका."

"व्हय," श्रीपाल म्हणाला, आणि तो झोपमोड न करता निघाला.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिच्या बोळाच्या तोंडाशी एक बैलगाडी आडवी झाली होती. तिला वळसा घालून श्रीपाल पुढं गेला, आणि पुढचा रस्ता रोजच्या सवयीनं वखारीला गेला. मधल्या काचेमुळं मागं गोऱ्या साहेबाच्या काळाइतकीच शांतता होती. वखारीशी हातांनी काचा चढवल्या. तोंडानं अंबुबाईला सांगितलं, "आत माल हाय गं, बघ जरा."

आत गुंडूअण्णा वाटच बघत होता. गुंडूअण्णा हा तंबाखूचा मोठा व्यापारी आणि त्याहून मोठा चेंगट. निपाणीत भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. आणि एकदा हात उपरण्याखाली गेला की सौदा जुळेस्तोवर नाहीतर मोडेस्तोवर बाहेर काढायचा नाही. काढला तर माणूस लबाड. गुंडूअण्णा एकेक बोट असं दाबायचा की जणू ते मागल्या सालचं कणीस आहे आणि दाणे भरलेत की नाही ते बघायचंय.

बऱ्याच वेळानं बाहेरून अंबुबाईची हाक आली. "सावकार, तुमचा माल हालाय लागलाय!"

"हालू दे," श्रीपाल म्हणाला. त्याचं मन अंगठ्यात होतं.

"ही तुझी जुनी खोड हाय बघ," गुंडूअण्णा म्हणाला. "भाव पडाय लागला की भाईरनं कुणाला तरी वरडाय लावायचं. मी हात सोडत न्हाय."

"सावकार! मालानं हात वर केला!"

श्रीपालचा हात उपरण्याखाली गार पडला. गुंडूअण्णानं हे पुढं गावभर सांगितलं. तो म्हणायचा, मला वाटलं गडी खाली उतरला, म्हणून मी आणखी एक बोट दाबलं.

मग काच फुटल्याचा आवाज झाला.

ब्राह्मी बाहेर काढली तेव्हा रडत नव्हती. अंबुबाईनं काकड्यांशेजारी विकायला ठेवलेलं ताकाचं मडकं तिच्यावर पालथं केलं, ओल्या फडक्यानं वारा घातला, ओठांवर ताकाचं बोट फिरवलं. बाजार गप्प झाला. भाव करणाऱ्यांची बोटंही थांबली. मग ब्राह्मी रडली. एवढं चांगलं रडणं त्या बाजारात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. श्रीपाल त्या वेळी काय करत होता ते कुणाच्या ध्यानात नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. खिशातली मूठ त्यानं अशी आवळली होती की तळहातावर तिचा ठसा उठला, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

खरा प्रकार कळताच आप्पांनी काचेची तक्रार मागं घेतली. पण फौजदार म्हणाला, मी दोन शिपायांनिशी उन्हातनं आलोय, रिकाम्या हातांनी कसा जाऊ? आणि त्यानं श्रीपालवर निष्काळजीपणानं जीव धोक्यात घातल्याचं कलम लावलं.

पद्मावती बस्तीतून आली. तिनं आरडाओरडा केला नाही. ब्राह्मीला उचललं, कपड्यांचं बोचकं बांधलं आणि बैलगाडीनं माहेरी बोरगावला गेली. मोटारीकडं तिनं बघितलंही नाही. श्रीपालकडं बघितलं, पण मोटारीकडं बघावं तसं.

चार दिवसांनी श्रीपाल बोरगावला गेला, तोही बैलगाडीनंच. पद्मावती दारातच उभी राहिली.

"चल की घरी."

"कोर्ट कवा हाय?"

"पुढल्या म्हयन्यात. आप्पा बेळगावचा वकील आणाय लागल्यात. नक्की सोडवतो म्हणालाय."

"मग आमी न्हाय येत."

"आँ?"

"शिक्षा झाली तर येऊ. शिक्षा झालेलं माणूस जलमभर ध्यानात ठेवतंय. तुमी सुटलासा तर चार दिसांनी म्हणशिला, कोर्टानंच सोडलंय, मग काय एवढं? आणि परत इसरशिला."

श्रीपालनं यावर विचार केला. "अगं, पर शिक्षा झाली तर मी तुरुंगात. तू घरात येऊन करणार काय?"

"वाट बघायची."

आतून ब्राह्मीचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी तिला घोडाघोडा करत असावं.

"जरा घेऊ का तिला? हितंच. उंबऱ्यावर बसून."

"कोर्टानंतर," पद्मावती म्हणाली आणि दार लोटून घेतलं. पण पार नाही लावलं. एवढी फट तिनं वाऱ्याला ठेवली.

बेळगावचे हेरेकर वकील अक्कोळला आले, तेव्हा श्रीपालनं त्यांना एकटं गाठून सांगितलं, "वकीलसाहेब, मला शिक्षा पायजे."

हेरेकरांनी चष्मा काढून पुसला. "किती हवी?"

"बायको घरला येईल एवढी."

"पीनल कोडात असं माप नाही. आणि हे बघा, तुमचे वडील मला सुटकेसाठी देतायत. शिक्षेसाठी तुम्हाला दुसरा वकील करावा लागेल."

श्रीपालनं तेही करून पाहिलं. निपाणीतले दोन वकील त्याला बसवून घेऊन पाणी प्यायला देत, आणि मग हळूच आप्पांना निरोप पाठवत, पोराला जरा जपा.

आप्पा इकडं कामाला लागले होते. कोल्हापूरहून त्यांनी फुटक्या काचेच्या जागी नवी काच आणून बसवली. मोटार कोर्टात दाखवायची होती, आणि नेमगोंडांची फुटकी मोटार चार लोकांनी बघितली असं त्यांना व्हायला नको होतं.

तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेब धारवाडकडून नवे बदलून आले होते. मोठा देह, मोठा फेटा, मोठा आवाज. स्वतः सहा मुलांचे बाप. त्यांतलं एकही मूल ते कधी कुठं विसरले नव्हते, कारण त्यांनी एकही कधी बरोबर नेलं नव्हतं.

"गुन्हा कबूल आहे?" साहेबांनी विचारलं.

"कबूल!" श्रीपाल इतक्या उत्साहानं म्हणाला की खिडकीतली चिमणी उडाली.

हेरेकर वकील लगबगीनं उठले. "साहेब, आमच्या अशिलाचं डोकं ठिकाणावर नाही. हाच आमचा बचाव आहे."

अंबुबाईची साक्ष झाली. माल कसा हालला, मालानं हात कसा वर केला, हे तिनं हात वर करून दाखवलं. साहेबांनी तिला हात खाली घ्यायला तीनदा सांगितलं. गुंडूअण्णाची साक्ष झाली, ती बहुतेक भावाविषयी होती. साहेबांचा पारा चढत गेला.

"माणूस छत्री विसरतो," ते कडाडले, "जोडा विसरतो, सासऱ्याचं नाव विसरतो. पोटचं पोर विसरतो? हा बाप आहे का गोणपाट?"

"गोणपाट," श्रीपाल म्हणाला. त्याला फार बरं वाटत होतं. कोर्टाच्या उघड्या दारातून बाहेरची चिंच दिसत होती. चिंचेखाली पद्मावती बसली होती, साक्षीला बोलावलेली. मांडीवर ब्राह्मी. पद्मावतीचा कान कोर्टाकडं होता. आता फार तर थोडा वेळ, मग शिक्षा, मग घर.

पण हेरेकर पुन्हा उठले. "मोटारीच्या काचा लावलेल्या होत्या, साहेब. म्हणजे ऊन बाहेर राहिलं. आत ती सावलीच झाली. सावलीत मूल निजवणं हा गुन्हा कुठल्या कलमात आहे?"

साहेबांनी त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. मग ते उठले. "बघूच ती सावली."

मोटार आवारात उन्हात उभी होती. सगळं कोर्ट बाहेर आलं. साहेब मागच्या बैठकीवर चढून बसले, तशी मोटार एका अंगाला कलली. "त्या दिवशी केलंस तसंच कर," त्यांनी श्रीपालला फर्मावलं. "आणि मी घंटा वाजवल्याशिवाय कुणी दाराला हात लावायचा नाही."

श्रीपालनं मूठ काढली. या खेपेला हातांना सगळं सांगावं लागलं. त्यानं दोन्ही काचा चढवल्या, दार लावलं, मूठ खिशात टाकली. मग वऱ्हांड्याच्या पायरीवर जाऊन बसला.

साहेबांची घंटा कोर्टात, टेबलावर होती.

सुरुवातीला सगळे मोटारीभोवती अदबीनं उभे राहिले. मग ऊन फारच लागू लागलं, तसे दोन्ही बाजूंचे वकील सावलीला सरकले आणि सावलीत किती वेळ बसलं म्हणजे उन्हात बसल्यासारखं होतं यावर त्यांचा वाद लागला. फौजदार तो ऐकायला गेला. शिरस्तेदार डोक्यावरची टोपी न्यायला आत गेला आणि त्याला साहेबांची खुर्ची रिकामी दिसली. आजवरच्या प्रत्येक साहेबाच्या वेळी त्यानं बघितलं होतं, खुर्ची रिकामी म्हणजे साहेब जेवायला गेले. त्यानं दप्तर आवरलं आणि पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाल्यानं बाहेर येऊन ललकारी दिली, "साहेब जेवायला गेले! कोर्ट जेवणानंतर!"

साहेबांना मोटारीत बसताना सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. कोर्टानं सांगितलेलं खोटं कसं म्हणायचं? आवार जवळजवळ रिकामं झालं. साहेबांच्या बंगल्यावर निरोप गेला की साहेब निघालेत, पानं वाढा.

"चल, भाकरी खाऊन घिऊ," आप्पा श्रीपालला म्हणाले.

श्रीपालही उठला. फाटकापाशी आल्यावर त्यानं सवयीनं खिशात हात घातला. हाताला मूठ लागली.

त्याचे पाय वळले आणि धावत सुटले. डोकं मागनं आलं. त्यानं दार उघडलं तेव्हा साहेब काचेला गाल लावून बसले होते, फेटा सुटून मांडीवर आलेला, कोट अंगाला चिकटलेला.

"साकु," साहेब म्हणाले. "साकु, साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. हे ते बराच वेळ म्हणत असावेत, कारण काचेवर आतून त्याची वाफ धरली होती.

अंबुबाई कोर्टाच्या गर्दीत ताक विकायला आलीच होती. तिनं मडकं आणलं, साहेबांच्या टाळूवर ओतलं आणि म्हणाली, "ह्यो दुसरा. ह्या मोटारीपायी माझा धंदा बसायचा."

साहेब वऱ्हांड्यात आडवे असताना शिरस्तेदार पान चघळत परत आला. त्यानं साहेबांना बघून कमरेत वाकून विचारलं, "साहेब, आज लवकर जेवलात?"

दुपारनंतर कोर्ट बसलं. साहेबांच्या फेट्याला ताकाचा वास येत होता. कुणी विसरलं, असा त्यांनी पहिला सवाल केला. शिरस्तेदारानं पट्टेवाल्याकडं बघितलं, पट्टेवाल्यानं फौजदाराकडं, फौजदारानं वकिलांकडं, आणि वकिलांनी सवयीनं कायद्याच्या पुस्तकाकडं. साहेबांनी मनात हिशेब केला. सगळ्यांवर तेच कलम लावायचं तर खटला चालवायला माणूस उरत नव्हता. मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या घंटेकडं गेलं. ती तिथं कोण विसरलं होतं, हे कोर्टात कुणी विचारलं नाही. साहेबांनीही नाही.

"आरोपीला सोडून देतो," साहेब शेवटी म्हणाले. "विसरणाऱ्याला शिक्षा द्यायची, तर ती देणारा न विसरणारा पाहिजे. तसा अंमलदार या तालुक्यात अजून बदलून आलेला नाही."

श्रीपालचे हात जोडले गेले. "साहेब, असं करू नगासा. थोडी तरी द्या. पायजे तर दंड तरी."

"साकु!" साहेब ओरडले.

पायऱ्या उतरताना श्रीपालच्या डोक्यात आलं की आपण आप्पांच्या मागनं भाकरीला गेलो असतो, तर शिक्षा नक्की झाली असती. चांगली मोठी झाली असती. आता बोरगावचं दार कायमचं लोटलं गेलं. तो चिंचेखाली जाऊन उभा राहिला, खाली बघत.

"सुटलासा म्हणं," पद्मावती म्हणाली.

"सुटलो."

"समदी भाकरीला गेली. तुमी माघारी आलासा. हितनं दिसत हुतं."

श्रीपालनं खिशातली मूठ चाचपली.

"तरी पर शिक्षा काय झाली न्हाय."

"न्हाय. लई मागितली."

पद्मावती जरा वेळ मोटारीकडं बघत राहिली. बोरगावला गेल्यापासून पहिल्यांदाच बघत होती. मग तिनं हाक मारली, "अंबुबाई, तुझं वजन हाय का गं?"

अंबुबाईनं फडक्यावरचं शेराचं वजन काढून दिलं. पद्मावतीनं ते श्रीपालच्या हातात ठेवलं. "फोडा. मधली पण."

"अगं पोरी, कोल्हापूरची काच हाय ती!" आप्पा मागनं ओरडले.

"तक्रार द्या की, आप्पा. फौजदार हितंच हाईत."

फौजदार एकाएकी चिंचेत काहीतरी बघायला लागला.

श्रीपालनं काचा फोडल्या. मागच्या दोन्ही, पुढच्या दोन्ही, आणि गोऱ्या साहेबाची मधलीही. साहेबांच्या गालाचा ठसा अजून एका काचेवर होता, तीही. आवाजानं कोर्टातले लोक बाहेर आले, पण कुणी हटकलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तर खिडकीतून बघितलं आणि मान डोलावली. वजन अंबुबाईला परत देताना श्रीपालच्या हातातून रक्त येत होतं. पद्मावतीनं त्यावर तिच्या पदराची चिंधी बांधली, मग ब्राह्मीला उचलून त्याच्या हातांत दिलं, आणि मोटारीत पुढं जाऊन बसली.

त्या सुगीत श्रीपालच्या तंबाखूला वास राहिला नाही. अक्कोळ ते निपाणी रस्त्याला मात्र फार चांगला वास येई. श्रीपाल आता ब्राह्मीला काखेला मारूनच बाजारात यायचा. गुंडूअण्णानं पहिल्यांदा नाक मुरडलं, पण हात पुढं केला. श्रीपालनं एका हातानं उपरणं टाकलं. बोटं दाबली जाऊ लागली. पहिलं, दुसरं. आणि श्रीपालनं एकदम हात काढून घेतला.

"आरं, सौदा मोडला का काय?" गुंडूअण्णा म्हणाला.

"मोटारीत बघून येतो."

"काय बघतोस? पोरगी तुझ्या काखेत हाय की रं!"

"ठावं हाय," श्रीपाल म्हणाला, आणि दार उघडून बघून आला.